गोरखचा अभ्यास दौरा

पासलीच्या गोरखच्या नाकावर राग जन्मापासूनचा. एसटी उशिरा आली तर कंडक्टरशी भांडण आणि वेळेवर आली तर शेजारी बसलेल्याशी. असल्या माणसाला परदेशी न्यायचं म्हणजे हौसेनं विंचू खिशात घालायचा. पण भोरच्या एका शेतकरी मंडळानं व्हिएतनामचा भातशेती अभ्यास दौरा काढला, तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं ते गोरखनंच.

कारण घरातलं होतं. बायकोची, रत्नाची, कंबर कामातून गेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढं वाकायचं नाही. आता भाताची लावणी न वाकता कशी करायची, हे काही त्यांनी सांगितलं नाही. तरणी माणसं पुण्याला, मजूर मिळत नाहीत, आणि इकडची लावणीची मशीनं गोरखच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरात वळतसुद्धा नाहीत. तिकडं म्हणे दोघांनी उचलून बांधापलीकडं ठेवावं एवढं हलकं मशीन आहे. ते डोळ्यांनी बघायचं, चालवून बघायचं आणि ठरवूनच यायचं.

"नीट बघून या," रत्ना निघताना म्हणाली. "औंदा माज्यानं लावणी हुनार न्हाई."

मंडळाचे अध्यक्ष आनंदराव. त्यांनी कार्यक्रम असा आखला होता की जणू देश संपवूनच परत यायचं. पहाटे बॅगा खाली, मग बस, देऊळ, बस, बाजार, होडी, पुन्हा बस. जाईल तिथं मंडळाचा फलक धरून फोटो. शेतं दिसायची ती बसच्या काचेतून. गोरखचे नवे बूट चावायचे, बाहेर घामाच्या धारा आणि आत एसीनं दातखीळ. पाटीवरचं अक्षर कळेना, ताटातला पदार्थ कळेना, समोरचा हसतोय की चिडलाय तेही कळेना. चढउतार करताना दर वेळी गाइड बाई त्यांना मेंढरांसारखं मोजायची. रात्री खोलीत विंझरचा ज्ञानू पडल्या पडल्या घोरायला लागायचा आणि गोरख छताकडं बघत त्याला शिव्या घालायचा. दोनतीन दिवसांत आपण कुठल्या गावात आहोत हेही त्याला कळेनासं झालं. त्याला सगळ्यांचाच तिटकारा आला, त्या फलकाचासुद्धा.

एका दुपारी बसमध्ये कुठं डोळा लागतोय तोच ज्ञानूनं त्याला हलवलं. देऊळ आलं होतं.

गोरख अंगावरच धावून गेला. "देवळं काय आपल्याकडं कमी हायेत व्हय रं? पुन्यांदा मला हात लावलास तर हात मोडून ठेवीन!"

"गोरखराव, चारचौघांत हे बरं दिसत नाही," आनंदराव म्हणाले.

"तुमी तर बोलूच नका. कदी चिखलात पाय घातलाय का? नुसतं आपलं चला, चला!"

त्यानंतर कुणी गोरखच्या वाटेला जाईना. जेवताना त्याच्या टेबलाला एकटी मिठाची बाटली असायची. त्याला ते पटलंही, निदान शांतता तरी मिळाली.

अखेर मशीनच्या गावाला जायचा दिवस उजाडला, तोही दौऱ्याचा शेवटचा. गोरख दाढी करून पहिल्या सीटवर बसला. रस्ता लांबचा होता. आदल्या रात्रीही झोप नव्हतीच.

त्याला जाग आली ती गलक्यानं. माणसं बसमध्ये चढत होती आणि सगळ्यांचे पाय चिखलानं भरले होते. खिडकीबाहेर नुकतंच लावलेलं भात सरळ ओळीत उभं होतं. दार लागलं, बस हलली.

"थांबवा! मशीन बघायचंय मला!"

"विमान चुकेल," आनंदराव मागं न बघताच म्हणाले.

गोरख ज्ञानूकडं वळला. "उठवलं का न्हाई रं मला?"

"आन हात मोडून घ्यायचा हुता का?"

कुणी हसलं नाही. गोरखला ज्ञानूचा गळा धरावासा वाटला, आणि मग स्वतःचा. त्यानं सगळ्यांचे मोबाईल मागून घेतले. फोटोत माणसंच माणसं, फलक ताणून उभी. त्यांच्या मागं कुठंतरी काहीतरी लाल दिसत होतं.

"चालतंय कसं पण ते?" त्यानं विचारलं.

"चांगलं चालतंय की," ज्ञानू म्हणाला. त्यापलीकडं कुणालाच काही सांगता आलं नाही.

पासलीत सत्काराला आलेल्यांना गोरखनं दारातूनच पिटाळलं. रत्नानं पाणी दिलं. पाण्याबरोबर त्यानं सगळा दौरा ओकला. बूट, एसी, आनंदराव, ज्ञानूचं घोरणं, कुणाला म्हणून सोडलं नाही. रत्नानं सगळं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊंद्या. मशीन कसं हाय?"

गोरख तांब्याकडं बघत राहिला. "झोप लागली गं मला. लई दमलो हुतो."



"तीस वर्सं खाचरात वाकली म्या," रत्ना म्हणाली. "मला न्हाई कदी झोप लागली."

मग ती भिंत धरून उठली आणि चूल पेटवायला आत गेली.