गुरुजींचं मोबाइलवरचं भजन

आमच्या गंगाखेडच्या भजनी मंडळाच्या गुरुजींनी मला वर्षभर फसवलं. व्यवहारात नाही, तिथे मला फसवणारा अजून जन्मायचाय. रिकाम्या हाताने येऊन धान्याची आडत उभी केली आहे मी. पण इतक्या निष्पाप चेहऱ्याचा लबाड मला अख्ख्या मोंढा बाजारात भेटला नाही.

मंडळातली म्हातारी माणसं मुलांमागे गावोगाव पांगली, तेव्हा या निवृत्त मास्तरांनी दर गुरुवारी व्हिडिओ कॉलवर भजन सुरू केलं. तांदळाच्या डब्याला फोन टेकवून, त्याला बुक्का लावून ते बसत. वर इस्त्रीचा सदरा आणि जाकीट, खाली पट्ट्यांची चड्डी. एकदा टाळ आणायला उठले आणि सगळ्या बायांनी तोंडाला पदर लावले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "भजन कानानं ऐकायचं असतंय." कुणाच्या मागे कुकर वाफ सोडताना दिसला की, "काकू, शिट्टी सुरात न्हाई."

मी बसायचो तो आता बोरीला राहणाऱ्या दादासाठी. थोरला भाऊ, शेताच्या बांधावरून आमचा अबोला. पण देवळात मी ओळ म्हणायची आणि समोरच्या रांगेतून दादाने ती उचलायची, हे भांडणातही चुकलं नव्हतं. फोनवर मात्र गुरुजींची पेटी तेवढी ऐकू यायची; बाकीच्यांकडे माझा कानच नव्हता. मी घसा फोडून ओळ टाकायचो. दादाचे ओठ हलायचे, आवाज नाही. मुद्दाम बंद ठेवतो, एवढा माज, म्हणून मी जळायचो. मग महिनाभर तो दिसलाच नाही. तोही मी माजच धरला.

परवा माझा फोन बिघडला म्हणून गुरुजींच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर प्रत्येकाच्या माइकवर लाल रेघ.

"हे काय, गुरुजी?"

"सगळ्यांचे आवाज बंद ठेवतो, शेठ. एकदम म्हणायले की मागं-पुढं पोचतंय, लय गोंधळ. माझाच तेवढा सोडतो."

"मग आमी वर्षभर कुणाला ऐकवायलोय?"

"देवाला. त्याला कुठं माइक लागतोय?"

"आन् दादा?"

"ते तर तुमच्या तोंडाकडं बघून बरोबर ओळ उचलायचे. मला वाटलं, तुमाला दिसतंय."

तसाच उठून एसटीने बोरीला गेलो. दादाला महिन्यापूर्वीच अर्धांगवायू झालाय, वाचा गेलीय. खाटेजवळ बसून मी ओळ म्हटली. त्याचा डावा हात खाटेच्या कडेवर ताल धरू लागला. एकदाही मागं-पुढं झाला नाही.

गुरुजी, तुम्ही माणूस सोन्यासारखे, आणि येत्या गुरुवारीही मी बसणार आहे. पण दादाचा वर्षभराचा आवाज तुम्ही कुणाला विचारून बंद केलात? सगळ्यांसमोर उत्तर द्या. आणि तेव्हा माझा माइक चालू ठेवा.