रस्ता विचारणारे भाऊ

गाडी थांबवायची, एक पाय जमिनीला टेकवायचा, गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसायचं आणि समोर दिसेल त्या माणसाला विचारायचं, "दादा, हिंगोलीला कोणत्या रस्त्यानं जावं?"

भाऊंनी कनेरगाव नाक्यावर हा प्रश्न पहिल्यांदा माझ्यादेखत विचारला, तेव्हा मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो आणि हिंगोलीची पाटी आमच्या डोक्यावर होती. भाऊंचा जन्म हिंगोलीतला, नोकरीही तिथलीच. आम्ही दोघं शाळा तपासत फिरायचो. मी बदली होऊन नवीन आलेलो, त्यामुळे मला वाटलं, यांना उन्हाचा त्रास झाला असावा.

ढाब्याच्या खाटेवरचा म्हातारा मात्र उठून उभा राहिला. धोतर सावरलं, हात लांब केला. "हा सरळ धरा. मंग एक मोठं लिंबाचं झाड लागंल. तिथं वळायचं न्हाई."

"जिथं वळायचंच न्हाई, ते झाड काहून सांगून राहिला?" शेजारचा म्हणाला.

"वळले म्हंजी? तू जाशील का आणायला?"

त्यांचं चांगलंच जुंपलं. भाऊ मान हलवत "बराबर, बराबर" म्हणत ऐकत होते. चेहरा असा, की कुणी ताटात गरम जिलबी वाढतंय. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि सांगितलेला रस्ता सोडून आपल्या माहितीच्या आडवाटेला घातली. हेही नेहमीचंच. ऐकायचं सगळ्यांचं, जायचं आपल्या रस्त्यानं.

"तुम्हाला माहीत होता ना रस्ता?" मी विचारलं.

"माहीत हाय की."

"मग?"

"त्या बाबाचं तोंड पाह्यलं का सर तुमी?"

मी पाहिलं नव्हतं. मी पाटी पाहत होतो.

मी वाचणारा माणूस. माणसाला कशानं आनंद होतो यावर पुष्कळ जाडजूड पुस्तकं वाचलेली आहेत आणि ती लिहिणारे फारसे आनंदी असावेत असं कधी वाटलं नाही. भाऊ त्यातल्या एकाही प्रकरणात बसेनात. एकदा तर शिरड शहापूरला, स्वतःच्या सासुरवाडीत, त्यांनी सासऱ्याचं घर विचारलं. नवा हॉटेलवाला म्हणाला, "कोणतं? ज्याचा जावई रस्ता इचारत हिंडतो, तेच ना?"

"तेच, तेच," भाऊ म्हणाले आणि खुशीत दुसरा चहा मागवला.

ते निवृत्त झाले तेव्हा रीतसर समारंभ झाला. शाल, नारळ, आणि कागदावरून वाचलेली तीन भाषणं. भाऊ "असंख्यांचे मार्गदर्शक" असल्याचं तिन्ही वक्त्यांनी सांगितलं. माझ्या माहितीत त्यांनी आयुष्यात कुणालाही मार्ग दाखवला नव्हता. उत्तराला उभे राहिले आणि प्रमुख पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "साहेब, इथून बस स्टँडला कसं जावं?" हॉल हसला. पाहुणे मात्र खरोखरच खुर्चीवरून उठले, हात लांब करून सांगू लागले. त्या दिवशी कागदाशिवाय झालेलं तेवढं एकच भाषण.

पुढे सुनेनं त्यांना नकाशावाला मोबाइल घेऊन दिला. त्यांनी दोन दिवस वापरला. "बाई सांगती बराबर," ते म्हणाले, "पण सांगताना तिला काई आनंद होत न्हाई."

मग एकदा वहिनींचा फोन आला. भाऊ सकाळी कोथिंबीर आणायला मंडईत गेले होते. मंडई घरामागे दोन गल्ल्यांवर. ते दुपार कलल्यावर एका अनोळखी माणसाच्या गाडीवर बसून आले, हसत.

"सर, तुमी त्यांच्यासंगं लई फिरले," वहिनी म्हणाल्या. "हे नेहमीचं नाटक हाय का खरं हाय? नाटक असंल तर मी भांडून घेते. खरं असंल तर त्यांना दवाखान्यात न्यावं लागंल. काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी भाऊंबरोबर मंडईत गेलो. परतताना कोपऱ्यावर ते थांबले, रुमालानं तोंड पुसलं आणि केळीवाल्याला आपल्याच गल्लीचा रस्ता विचारला. केळीवाल्यानं हात लांब करून मोठा, वळशाचा रस्ता दाखवला. भाऊ मान हलवत होते, "बराबर, बराबर." चेहऱ्यावर तीच जिलबी. मी निरखून पाहिलं, त्यात काही कमी नव्हतं. मला हायसं वाटलं.

घरचा जवळचा रस्ता उजवीकडे, गिरणीच्या बोळातून. भाऊ डावीकडे वळले. वळशाच्या रस्त्यानं, सांगितलं तस्सं, चालत राहिले.

वहिनी दारातच उभ्या होत्या. भाऊ आत गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, भाऊ सांगितलेल्या रस्त्यानं आले," मी म्हणालो.

त्याही जन्मभर त्यांच्या मागच्या सीटवर बसलेल्या. आणखी काही सांगावं लागलं नाही. पिशवीतली कोथिंबीर त्यांनी काढली, परत ठेवली. मग म्हणाल्या, "त्या केळीवाल्याला आपलं घर दाखवून ठेवते."

दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. आणि मंडईपासून दारापर्यंत सगळी गल्ली तयार झाली. भाऊंनी बस स्टँड विचारलं काय, शिरड शहापूर विचारलं काय, गिरणीवाला, शिंपी, केळीवाला, सगळे हात लांब करून त्यांना घराकडेच पाठवत. भाऊ रोज निघत आणि रोज हसत घरी पोचत. त्यांच्यासाठी वाईट वाटून घ्यावं की त्यांचा हेवा करावा, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. एका दुपारी स्वतःच्या ओसरीवर बसून त्यांनी मला विचारलं, "सर, आपल्या घरी कोणत्या रस्त्यानं जावं?" मी कनेरगाव नाक्यापासून सुरुवात केली. जिथं वळायचं नाही ते लिंबाचं झाडही सोडलं नाही. सांगता सांगता उठून उभा कधी राहिलो, माझ्या लक्षात आलं नाही. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते.

भाऊ जाऊन वर्ष होत आलं. मंडईतून येताना कोपऱ्यावर मी थांबतो, उकाडा असला तर रुमालानं तोंड पुसतो. विचारत काहीच नाही. तरी केळीवाल्याचा हात आपोआप वर उठतो, डावीकडे लांब होतो, आणि मग तो त्याच हातानं केळ्यांवरच्या माश्या हाकलू लागतो.