रंगाचा दुसरा हात

मुलांनो, आपल्या घराच्या खिडकीसमोर एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचं ऑफिस आहे. त्याच्या भिंतीवर क्लबचे विक्रम रंगवलेले आहेत. आज सकाळी पेंटर ‘सर्वाधिक गोल’ या ओळीतलं नाव बदलायला आला, कारण परवा एका नव्या खेळाडूने तो विक्रम मोडला. ज्याचं नाव जायचं होतं तो जुना खेळाडू, आता केस पिकलेला, शिडी धरून खाली उभा होता.

“दादा, पुसू का?” पेंटरने विचारलं.

“पूस की. त्या पोराचं नाव काय हवेत लिहिणार?”

थोड्या वेळाने पेंटर म्हणाला, “रंगाचे दोन हात द्यायला लागणार. एका हातात तुमचं नाव जात नाही.”

“मग घाई करू नको,” दादा म्हणाले.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. मोडलेला विक्रम भिंतीवर ठेवू नये, हे मला पटतं. पण तुमची प्रशस्तिपत्रकं मी वर्षवार फाईलला लावली आहेत, आणि त्यातलं एकही जुनं झालं म्हणून काढलेलं नाही.

पहिला हात वाळतो आहे. मी चारदा खिडकीशी जाऊन आले. पांढऱ्या रंगाखालचं नाव अजून वाचता येतं, आणि शिडीवर कुणी नसतानाही दादांनी ती सोडलेली नाही.