कुसुमला सांगितलेलं मोठं चाक

घरात कुणालाच हे माहीत नाही. तुम्हाला सांगते — बघू, जमतं का.

मी सेलूत गोधड्या शिवते. कुसुम माझी शेजारीण, माझ्याबरोबरच शिवायला लागलेली. पाकळ्यांच्या, गोल नक्षीच्या गोधड्या लोक मागू लागले, तेव्हा आम्ही दोघी बसने वर्ध्याला गेलो — चाकासारख्या गोल पात्याचं कटर घ्यायला. दुकानात दोन मापं होती. मोठं चाक सरळ पट्ट्यांसाठी; वळणावर ते रेघ सोडून बाहेर पळतं. लहान चाक वळणाबरोबर वळतं. मोबाइलवर बघून हे मला ठाऊक होतं. कुसुमला नव्हतं.

"वळणाले कोन्तं घेऊ व?" तिनं विचारलं.

"मोठंच घेजो. लवकर कापते."

आणि मी लहान घेतलं. का? पाकळ्यांची गोधडी गावात फक्त माझ्याकडेच मिळावी म्हणून — दुसरं काय असणार?

तिनं आपल्या वारलेल्या आईचं लुगडं काढलं. लेकीच्या बाळंतपणासाठी त्याची गोधडी करायची होती. चार पाकळ्या होईस्तोवर अर्धं लुगडं वाया गेलं. तुकडे मांडीवर घेऊन ती म्हणाली, "माह्या हातालेच वळण नाई, बाई." मी — मी मान डोलावली. त्यानंतर तिनं गोल काही कापलंच नाही.

मागच्या हिवाळ्यात माझं उजवं मनगट मोडलं. तीन गोधड्या अर्ध्यावर होत्या. कुसुम न बोलावता आली. दीड महिना रोज दुपारी येऊन तिनं माझ्या गोधड्यांचे टाके घातले, मला भरवलं, माझी वेणीसुद्धा घातली. एकदा माझं लहान कटर उचलून तिनं पाकळी कापली — एका दमात, स्वच्छ. थांबली.

"हे लहान हाय म्हनून वळते काय व?"

तेव्हा तरी सांगायचं होतं ना?

"तुह्या हाताले आता वळण आलं," मी म्हटलं.

ती केवढी खूश झाली! मग माझ्या मागे बसून केस विंचरू लागली, गुंता दुखू नये अशा बेतानं. आई गेल्यावर इतक्या मायेनं माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. अशी बाई मला शेजारी मिळाली — याहून मोठं मला आयुष्यात काही मिळालेलं नाही.

मी पाठमोरी होते. तिच्याकडे बघावंही लागणार नव्हतं. तरी खरं सांगितलं नाही.