मामांचा उजवा पाय

परवाना कार्यालयातल्या एका फाइलमध्ये माझ्या मामांबद्दल एकच ओळ आहे: 'बाजूच्या सीटवरील निरीक्षकाने बटण दाबण्यास विलंब केला.' ही ओळ मी लिहिली आहे. ती खोटी नाही, आणि म्हणूनच मला तिची जास्त शिसारी येते. सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाबद्दल एवढंच लिहिलेलं राहणार असेल, तर उरलेलं कोणीतरी लिहायला हवं. घाण मी केली आहे, तेव्हा मीच लिहिते.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, पण आमच्या भागात ते सगळ्यांचेच मामा. त्यांची स्वतःची ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे काय, जिन्याखालची एक खोली, दोन खुर्च्या आणि एक पांढरी गाडी. शिकाऊ गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकणाऱ्यानं घोळ घातला की शिकवणाऱ्यानं दाबायला. मामांचा उजवा पाय सव्वीस वर्षं त्या ब्रेकवर होता. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजायचा. मामी म्हणायची, "एकेकटा बूट विकणारं दुकान कुठे दिसलं तर सांग गं. यांचे डाव्या पायाचे सात बूट घरात नवेकोरे पडलेत." टीव्हीवर कोणी गाडी भरधाव सोडली तरी सोफ्यावरून मामांची लाथ टीपॉयला बसायची. त्या घरात बशा भरपूर होत्या आणि कप मोजके, त्याचं कारण हेच.

मला गाडी त्यांनीच शिकवली. पहिले तीन दिवस तर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी उभी करायची आणि नुसतं बघायचं. मी वैतागून म्हटलं, "मामा, काय बघू? माणसं आहेत."

"माणसं नको बघूस, त्यांचे पाय बघ. तोंड मोबाइलमध्ये असतं, त्यावरून काय कळणार? टाच उचलली की माणूस निघाला म्हणून समज. त्याला स्वतःला कळायच्या आधी तुला कळलं पाहिजे."

त्या पांढऱ्या गाडीच्या अंगावर पोचे होते ढीगभर, पण सगळे भिंतींचे आणि खांबांचे. माणसाचा एकही नव्हता. मामा या एकाच गोष्टीची फुशारकी मारायचे, पण ती मात्र भेटेल त्याला ऐकवायचे.

पुढे शिकायला येणारे कमी होत गेले. शेवटी शेवटी औषधांच्या दुकानातल्या काकू तेवढ्या यायच्या, त्याही गप्पा मारायला. मामांनी खोलीला कुलूप लावलं. मी तोपर्यंत आपोआप चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत लागले होते. कंपनीला माणसं हवी होती. गाडी आपली आपण चालणार, पण परवाना मिळेपर्यंत चालकाच्या सीटवर एक माणूस बसलाच पाहिजे असा नियम. गाडी चुकतेय असं वाटलं की त्यानं ब्रेक दाबायचा. मी म्हटलं, मामा तर हे आयुष्यभर करत आलेत! त्यांना मीच तिथे नेऊन बसवलं. गाडी हा नवा शिष्य, आणि मामा त्याचं काही बिनसू देणार नाहीत, असं वाटून माझा जीव भांड्यात पडला होता.

आता माझं काम सांगते, म्हणजे घाण कुठून येते ते कळेल. रस्त्यावर माणसानं ब्रेक दाबला की त्याचं चित्रण माझ्या टेबलावर यायचं. मी ठरवायचं, ब्रेक 'आवश्यक' होता की 'अनावश्यक'. कसं ठरवायचं? तेच चित्रण कंप्युटरवर ब्रेक वगळून पुन्हा चालवायचं. गाडी आपली आपण थांबली असती असं कंप्युटर म्हणाला, तर ब्रेक अनावश्यक.

एक चित्रण मला आजही दिसतं. एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे आहेत. मामांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, म्हातारे रस्ता ओलांडून गेले. कंप्युटरनं ब्रेक वगळून तोच प्रसंग चालवला, तेव्हा त्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर लिहून आलं, 'स्थिर.' आणि ते हललेच नाहीत! रस्त्यावरून गाडी सुखरूप निघून गेली. म्हणजे गाडीला जो माणूस उभाच राहील असं वाटलं होतं, त्याला कंप्युटरनं उभंच ठेवलं. ज्यानं परीक्षा द्यायची त्यानंच पेपर तपासायचा, आणि वर मार्कही आपले आपणच घ्यायचे. मला हे दिसलं नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात दिसलं. मी 'अनावश्यक'वर टिचकी मारली आणि जेवायला गेले.

पहिल्या महिन्यात मामांनी एकेचाळीस वेळा ब्रेक दाबला. अडतीस अनावश्यक. कंपनीचं गुळगुळीत भाषेतलं पत्र त्यांना गेलं: आपला हस्तक्षेप सरासरीहून अधिक आहे. त्या रविवारी मी घरी गेले तर मामा पत्र चष्म्याला टेकवून वाचत बसलेले.

"माझं काही चुकतंय का गं?" त्यांनी विचारलं.

सव्वीस वर्षांत त्यांना कोणी हे विचारायला लावलं नव्हतं. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "मामा, जरा वेळ द्या हो तिला. ती बघते सगळं."

"ती पाय बघत नाही पण."

"तिला सगळ्या बाजूंनी डोळे आहेत मामा."

मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "डोळे तर माशीलाही असतात गं, म्हणून तिच्या पाठीवर बसतेस का?" आम्ही हसलो, मामाही हसले. पण तिसऱ्या महिन्यात त्यांचे ब्रेक नऊवर आले. आमच्या साहेबांनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. साहेब माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलताना सारखी पुदिन्याची गोळी चघळणारे. कोणाशी हात मिळवला की लगेच बाटलीतलं जंतुनाशक हाताला चोळायचे. टाळ्यांनंतरही चोळलं. मामा शाळेतल्या पोरासारखे लाजले आणि मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या पायाची फुशारकी होती तोच पाय आवरल्याबद्दल त्यांना शाबासकी मिळत होती.

मग दुसरा टप्पा आला. चालकाची सीट रिकामी ठेवायची, म्हणजे लोकांना दिसायला हवं की गाडी खरोखर आपली आपण चालते. माणूस बाजूच्या सीटवर बसणार आणि त्याचं नाव आता 'निरीक्षक'. त्याच्यासाठी दाराच्या कडेला एक लाल बटण. मामा त्या सीटवर बसले आणि बटणाकडे न बघता आधी पायाखाली बघू लागले. मला म्हणाले, "इथे एक पेडल बसवून दे ना. मी या बाजूला बसलो की माझा पाय ऐकत नाही गं. हाताला सांगायला वेळ लागतो."

मी रीतसर अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं: बाजूला पेडल दिसल्यास छायाचित्रांतून चुकीचा संदेश जाईल. म्हणजे फोटो वाईट दिसेल म्हणून ब्रेक नको! डोक्यात तिडीक गेली माझ्या. मी उठून साहेबांच्या काचेच्या खोलीपर्यंत गेलेसुद्धा. साहेब फोनवर होते, त्यांनी बोटानं 'दोन मिनिटं' असं खुणावलं. दोन मिनिटांनी मी मूग गिळून परत टेबलाशी आले. आणि मामांना सांगितलं, "मंजूर झालंय मामा. बसवतायत, येतंच आहे."

दर सोमवारी मामा विचारायचे. दर सोमवारी मी तेच सांगायचे. शेवटच्या सोमवारी तर मी म्हणाले, "या आठवड्यात नक्की." त्याच आठवड्यातल्या गुरुवारी अपघात झाला.

सकाळचे साडेदहा. लख्ख उजेड, कोरडा रस्ता, सांगायला एकही सबब नाही. काचेच्या दुकानातला एक कामगार कपाटाचा पुरुषभर उंचीचा आरसा दोन्ही हातांनी उभा धरून दुकानासमोर थांबला होता. तो आरशामागे पार झाकला गेला होता. आरशात समोरचा रस्ता दिसत होता. गाडीला वाटलं, पुढे मोकळा रस्ताच आहे. आरशाच्या खाली चपलांमधले दोन पाय दिसत होते. त्यातली उजवी टाच उचलली.

गाडीच्या आतलं चित्रण मी अठरा वेळा पाहिलं. टाच उचलली त्याच क्षणी मामांचा उजवा पाय खाली गेला. पूर्ण ताकदीनं. चटईवर. पुन्हा उचलला, पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा हाणला तेव्हा गुडघा पुढच्या कप्प्यावर आपटला. मग हात बटण शोधू लागला. बटण दाबलं गेलं तेव्हा आरसा फुटून सगळीकडे पसरला होता. पहिली लाथ आणि धडक यांत दीड सेकंद होता. मी तीनतीनदा हिशेब केला. त्या चटईखाली ब्रेक असता तर गाडी कामगाराच्या कितीतरी अलीकडे उभी राहिली असती. आणि गाडीला? धडक बसेपर्यंत गाडीला काही कळलंच नव्हतं.

कामगार वाचला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, खुबा गेला. आरसा उचलण्याचं काम त्याच्यानं आता या जन्मी होणार नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, बटण चालू स्थितीत होतं ना?"

"हो."

"आणि दाबलं उशिरा?"

"हो, पण त्यांचा पाय..."

"पायाचा कुठे कॉलम आहे का?" गोळी या गालातून त्या गालात गेली. "खोटं लिहा असं कोण म्हणतंय? जे झालं ते लिहा. उलट हे आपल्या बाजूचंच आहे. शेवटी घोळ माणसानंच घातला ना? पुढच्या अर्जात निरीक्षकच काढून टाकायची परवानगी मागू."

गाडीनं माणूस उडवला, आणि त्यावरून गाडीतला माणूस नकोय असं सिद्ध होत होतं. बेसिनपर्यंत जाऊन आले. चूळ भरली, परत येऊन बसले आणि ती ओळ लिहिली. सही केली. सही चांगली आली.

मामांना कामावरून कमी केलं. ते रोज दवाखान्यात जाऊन कामगाराच्या खाटेशी बसू लागले. त्याच्या बायकोनं एकदा सरळ विचारलं, "गाडी तुम्हीच चालवत होता का?" मामा म्हणाले, "नाही." "मग कोण चालवत होतं?" मामीनं हे मला फोनवर सांगितलं आणि पुढे म्हणाली, "अगं, ते टीव्ही बघतात, पण कपाला काही होत नाही. गेल्या पंधरा दिवसांत एकही फुटला नाही." कप फुटत नाहीत म्हणून मामी रडत होती.

त्या फोननंतर मला राहवेना. गाडीतलं चित्रण, पेडलचा अर्ज, त्याला आलेलं उत्तर आणि तो 'स्थिर' म्हातारा, सगळं घेऊन मी परवाना कार्यालयात गेले आणि खिडकीतल्या बाईंकडून पोच घेतली. संध्याकाळच्या आत माझं कंपनीचं ओळखपत्र बंद झालं. खरं सांगते, मला हलकं वाटलं. थोडं मोठेपणही वाटलं. उशिरा का होईना, आपण केलेली घाण निस्तरली असं वाटलं.

त्याच तोऱ्यात दुसऱ्या दिवशी मामांना दवाखान्यात सोडायला माझी गाडी घेऊन गेले. मामा बाजूच्या सीटवर बसले. वाटेत मी सगळं सांगितलं. अर्ज नामंजूर झाला होता हेही सांगितलं. पेडल कधी येणारच नव्हतं, मी दर सोमवारी थापा मारत होते, हेही.

बाजाराच्या कोपऱ्यावर, मी जिथे तीन दिवस पाय बघत बसले होते तिथेच, एक बाई फोनवर बोलत कडेला उभी होती. तिची टाच उचलली. मी शेजारच्या लाथेची वाट बघितली. गाडी शिकल्यापासूनची सवय, ती बसली की माझाही पाय जातो. लाथ बसली नाही. मी कचकन ब्रेक मारला. बाईनं बोनेटवर हात आपटून मला शिवी दिली आणि निघून गेली.

मामांचा पाय चटईवर होता तसाच होता.

"मामा, दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसली की. टाच दिसली."

"मग पाय?"

त्यांनी खाली आपल्या बुटाकडे बघितलं.

"त्या दिवशी बटणाकडेच जायचं असं मी मनाशी घोकून बसलो होतो," ते म्हणाले. "रोज घोकायचो. पण तू सोमवारी म्हणालीस ना, या आठवड्यात नक्की. पायाला वाटलं, बसवलं असेल."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मला ब्रेकवरून पाय उचलता येईना.