विहिरीकडली कलमं आणि माझी गोळी

“कार्सिनोमा आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझे यजमान खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले. वर्गात मास्तर आल्यावर पोरं उभी राहतात तसे. आजार मला झालेला, मी शांत बसलेली, आणि हे उभे! शेवटी मी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

कार्सिनोमा म्हणजे कर्करोग. माझा स्तनाचा होता. आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणून पुष्कळ बायका गप्प बसतात. मी त्याच दिवशी नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे यजमान. त्यांना सगळं घर नानाच म्हणतं आणि मीही.

मग रत्नागिरीत मॅमोग्राफी झाली, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. त्यानंतर बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. सुईला मी घाबरले नाही. रिपोर्टची वाट बघताना मात्र घाबरले, ते लपवत नाही. प्रयोगशाळेच्या बाकावर नाना माझ्या शेजारी बसून भिंतीवरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. एकच पाटी त्यांनी इतक्यांदा वाचली, की मी म्हटलं, “नाना, आता त्या पाटीवर परीक्षा घेऊ काय तुमची?”

आमची पावस गावाच्या बाजूला हापूसची बाग आहे. सातबारा नानांच्या नावावर, पण मोहोर आल्यापासून पेटी बंद होईपर्यंत बागेवर नजर माझी. झेला, म्हणजे लांब काठीला बांधलेली जाळी, घेऊन आंबा उतरवायला मी अजून कुणाला हार जात नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी मी सर्जनना पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हात वर जाईल ना? ते हसले. म्हणाले, व्यायाम केलात तर जाईल.

ऑपरेशन कोल्हापुरात झालं. काखेतल्या गाठींमध्ये रोग पसरला नव्हता. सगळ्यांनी देवाला हात जोडले. मी भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम सुरू केला. आज कपाळापर्यंत, उद्या केसांपर्यंत. घरी आल्यावर दाराच्या चौकटीवर हात टेकला, त्या दिवशी स्वतःच्या हातानं शिरा केला आणि सगळ्यांना वाढला. कौतुक आपलं आपणही करावं, त्यात लाजायचं काय?

नंतर आला तो खरा महत्त्वाचा रिपोर्ट. त्याला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. नाव म्हणता म्हणता जीभ वळते, पण अर्थ सोपा आहे. काढलेल्या गाठीच्या पेशींवर हार्मोनला धरून ठेवणारे रिसेप्टर आहेत की नाहीत, हे त्यात बघतात. शरीरातलं हार्मोन त्यांना चिकटतं आणि रोगाच्या पेशी त्यावर पोसतात. माझ्या पेशींवर रिसेप्टर होते. म्हणजे मी ‘रिसेप्टर पॉझिटिव्ह’. कर्करोगाचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी रत्नागिरीत येतात. ते म्हणाले, “हे तुमच्या दृष्टीनं चांगलं आहे. तुम्हाला किमोथेरपीची गरज दिसत नाही. हार्मोनची वाट बंद करणारी गोळी रोज घ्यायची, काही वर्षं. रोग उलटण्याची शक्यता तिनं कमी होते.”

गोळीनं सांधे आखडू शकतात आणि हाडं विरळ होऊ शकतात, हेही त्यांनी आधीच सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते मोबाइलवर.

आमची शलाका पुण्यात कॉम्प्युटरमध्ये काम करते. आईला कर्करोग म्हटल्यावर तिला चैन कुठली पडणार? सापडेल ते ती वाचत होती. एक दिवस तिनं एका अभ्यासातलं चित्र पाठवलं आणि लगेच फोन केला. आवाज रडका.

“आई, अगो तुला मधुमेह आहे ना? ह्यात मधुमेहवाल्या बायकांना ह्या गोळीचा फायदाच दिसत नाही गो.”

तो अभ्यास कोणता, ती गोळी कोणती, हे मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या हाती येईल तो वेगळाच असेल. पण चित्र असंच असेल, म्हणून ते सांगते. त्याला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात. मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे म्हणजे औषधाचा फायदा, उजवीकडे म्हणजे फायदा नाही. मग एकाखाली एक ओळी. तरुण बायका, वयस्क बायका, जाड, बारीक, मधुमेह असलेल्या, नसलेल्या. प्रत्येक ओळीत एक चौकोन आणि त्याला दोन्ही बाजूंनी मिशा. सगळ्यात खाली एक शंकरपाळी, ती म्हणजे सगळ्या बायकांचा मिळून निकाल. अशा गटागटानं बघण्याला सबग्रुप अॅनालिसिस म्हणतात, म्हणजे उपगटांचं विश्लेषण.

शंकरपाळी डावीकडे होती. बाकीचे चौकोनही डावीकडे. मधुमेहाचा एकच चौकोन उजवीकडे जाऊन बसला होता.

नानांनी चष्मा लावून ते चित्र पाहिलं आणि निकाल देऊन मोकळे झाले. “नको घेऊस ती गोळी. सांधे धरणार, हाडं ठिसूळ होणार आणि फायदा काय? काय नाय. पोरीनं दाखवलंन ना चित्रात!”

मी गोळीचं पाकीट आणून फडताळात ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. मला दोन्हीकडून भीती वाटत होती. गोळी न घ्यावी तर रोग उलटेल, आणि घ्यावी तर फुकटचे सांधे धरून बसेन, झेला हातातून सुटेल. एरवी मी कुणाचं ऐकणारी नव्हे. पण त्या चित्रात माझा गट छापलेला होता. जणू माझं नावच घालून कुणी सांगितलं होतं, की बाई, हे तुझ्यासाठी नाही.

तज्ज्ञांचा वार आला. बाहेरच्या बाकांवर चिपळूण, देवरूख, लांजा, सगळीकडची माणसं. ज्याच्या त्याच्या मांडीवर फायलींची पिशवी. मी नानांना बजावलं, “आत उभे राहू नका हं.” आम्ही आत गेलो, शलाकाला फोनवर घेतलं आणि चित्र डॉक्टरांपुढे ठेवलं.

मला वाटलं होतं, चिडतील. ते चिडले नाहीत. शलाकाला म्हणाले, “प्रश्न अगदी योग्य विचारलात. पण ही एक ओळ बघण्याआधी शंकरपाळी बघा.” (शंकरपाळी हा शब्द माझा, त्यांनी तो तिथेच उचलला.) “सगळ्यात जास्त बायका तिच्यात आहेत, म्हणून सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर. मधुमेहाच्या गटात बायका थोड्या, म्हणून त्या ओळीतल्या मिशा बघा केवढ्या लांब आहेत. मिशा लांब म्हणजे खात्री कमी. शिवाय त्या मिशा शंकरपाळीच्या जागेवरूनही जातायत. म्हणजे ह्या गटातही तेवढाच फायदा असू शकतो.”

“पण मग चौकोन उजवीकडे का गेला?” शलाकानं विचारलं.

“तुम्ही जितके जास्त गट पाडाल, तितका एखादा तरी नुसत्या योगायोगानं वेगळा दिसणारच. माहेर खाडीच्या अलीकडचं आणि माहेर पलीकडचं, असे गट पाडलेत तरी एखाद्या बाजूला औषध लागू पडत नाही असं दिसेल. म्हणून मी विचारतो, हा गट बघायचा हे निकाल लागण्याआधी ठरवलं होतं का? असं होण्याला शरीरातलं काही कारण आहे? आणि दुसऱ्या अभ्यासांत पुन्हा दिसलं का? इथे तिन्हीची उत्तरं नाही अशी आहेत. गट नंतर पाडले, हे अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच खाली लिहिलंय.”

मी म्हटलं, “मग हे गट पाडतात कशाला? लोकांना घाबरवायला?”

“तसं नाही. तुम्हाला ही गोळी मी का देतोय? रिसेप्टर पॉझिटिव्ह आहात म्हणून. तोही एक गटच आहे. पण त्याचं कारण ठाऊक आहे आणि तो फरक परत परत दिसला आहे. गट पाडले नसते, तर ज्या बायकांना उपयोग नाही त्यांनाही ही गोळी देत बसलो असतो. गटांमुळे असं खरं काही सापडतं. नाहीतर नुसता संशय मिळतो, तो पुढे तपासायचा असतो. त्या संशयावर दिलेलं औषध सोडायचं नाही.”

आणि नाना उभे राहिले! मी सदरा धरायला हात पुढे केला, पण ते बोलायला लागले होते.

“डॉक्टर, ही चूक मी केलेली आहे. आमच्या विहिरीकडल्या कलमांवर.”

माझा हात तसाच राहिला. तुम्हाला आधी आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडतात, इवलेसे किडे, मोहोरातला रस शोषून तो वाळवून टाकतात. त्यावर पूर्वी एका साली आम्ही नवीन औषध फवारलं. बाग एकंदरीत छान धरली. पण नानांना हिशेब मांडायची हौस. त्यांनी बाग भागाभागानं बघितली. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळावरची कलमं, उतारावरची, पाणंदीकडली आणि विहिरीकडली. विहिरीकडल्या कलमांना फळ फार थोडं होतं. झालं! नानांनी जाहीर केलं, की दमट जागेत हे औषध उलटतं. पुढच्या साली विहिरीकडे त्यांनी फवारणी करू दिली नाही.

वास्तविक हापूसचं झाड एक साल भरभरून धरतं आणि एक साल विसावतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पुढच्या साली विहिरीकडे पान दिसेना इतका मोहोर आला आणि औषध नसल्यामुळे तो सगळा तुडतुड्यांनी खाल्ला. झाडाखाली तुडतुड्यांचा काळा चिकटा पडला. नानांनी दोष मळभाला दिला. तेव्हापासून आमच्या घरात नानांसमोर ‘विहिरीकडली कलमं’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. जावयालासुद्धा लग्नाआधी समज दिलेली होती.

तेच नाना परक्या डॉक्टरांसमोर सांगत होते. “त्या साली ती कलमं विसाव्याला होती. नुसता योग. मी खापर औषधावर फोडलं. दुसऱ्या साली सोन्यासारखा मोहोर आला आणि तुडतुड्यानं खाल्लान. सगळ्या बागेनं औषध चांगलं म्हणून सांगितलेलं होतं, मी एका कोपऱ्याचं ऐकत बसलो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कलमं पुढच्या साली परत धरतात गो. तुझ्या बाबतीत मला तो धोका नको. तू घे ती गोळी.”

मी तर रडत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला ह्या माणसाचा राग आला, हसू आलं, माया वाटली. पण अभिमानानं ऊर भरून येणं म्हणजे काय, ते त्या खोलीत कळलं. आयुष्यभर जपलेला हट्ट त्यांनी माझ्यासाठी एका क्षणात खाली ठेवला होता.

डॉक्टर म्हणाले, “नाना, इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.” नाना लगेच खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले.

घरी आल्यावर मी फडताळातलं पाकीट काढलं. नानांनी पाण्याचं भांडं आणून दिलं.

त्यानंतर सगळं गोड गोड झालं असं समजू नका. गोळीनं सांधे धरतात ते धरतातच. सकाळी बोटं वळत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. हाडांची घनता बघायला डेक्सा नावाचा स्कॅन करतात, तो होतो. कॅल्शियम घेते, चालते. सड्यावर चढताना पूर्वी मी नानांच्या पुढे असायची, आता आम्ही बरोबर असतो. पण झेला अजून माझ्याच हातात आहे. गेल्या हंगामात विहिरीकडली कलमं लगडली होती आणि त्यांचा पहिला आंबा मी उतरवला.

माझ्या तपासण्या आजवर नीट येत आहेत. लोक म्हणतात, “बघा, तुम्हाला गोळी लागू पडली.” मी त्यांना थांबवते. गोळी घेतली नसती तर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही आणि कुणालाच ठाऊक नाही. मी एकटी म्हणजे बागेतलं एक कलम, त्यावरून बागेचा निकाल लावायचा नसतो. आम्ही हाती होतं ते नीट समजून घेऊन ठरवलं, ह्याचा मला अभिमान आहे. पुढे काही विपरीत झालं, तरी तो कमी होणार नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर घाबरवणारं चित्र लपवून ठेवू नका आणि त्याच्या भीतीनं परस्पर गोळीही बंद करू नका. सरळ डॉक्टरांपुढे ठेवा. तुमच्या गटाचं काही खरंच वेगळं असेल, तर ते सांगतील.

परवा पुन्हा तज्ज्ञांचा वार होता. बाकावर आमच्या शेजारी देवरूखकडचं एक जोडपं. बाईंच्या मांडीवर फायलींची पिशवी, आणि त्यांचे यजमान मोबाइलवरचं चित्र बोटांनी मोठं करकरून बघत होते. मी दुरून ओळखलं, रेघ, चौकोन, मिशा. नानांनीही ओळखलं. ते सरकून त्यांच्या जवळ बसले.

“काय हो, बाग आहे काय तुमची?”

“नाय, आमची भातशेती.”

“असू दे. चित्र मग बघू. आधी मी काय माती खाल्ली ती ऐका. आमची विहिरीकडली कलमं आहेत...”

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. नानांना ऐकूच आलं नाही. आजवर ह्या दारातून मी एकटी कधी आत गेले नव्हते. ह्या वेळी गेले.

डॉक्टरांनी माझ्या मागे बघितलं. “यजमान नाही आले आज?”

“आलेत ना,” मी म्हटलं. “बाहेर शिकवायला बसलेत.”