ओल्या गोणपाटाखाली

११ मार्च २००३, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. माझ्या ताईची मुलगी जुई गेल्याचा फोन मी कॉलेजच्या कार्यालयात उभ्यानेच घेतला. वय तीन वर्षे. कारण जन्मजात हृदयदोष. शस्त्रक्रियेची तारीख अजून मिळायची होती...

नाशिकजवळच्या त्यांच्या मळ्यात जुई धावता धावता मध्येच उकिडवी बसायची. ओठ निळे पडायचे. "दमलीस ना गं?" "नाय मावशी, मुंगी बघते." तिथे मुंगी नसायची. अशा मुलांना उकिडवे बसल्याने बरे वाटते, हे मला पुस्तकाने शिकवले, तिला शरीराने. लपवणे मात्र ती घरातच शिकली असावी.

ताईला शाळेत असल्यापासून मधुमेह. रोज इन्सुलिन. स्थळ आले तेव्हा आई म्हणाली, "एकदा अक्षता पडू देत, मग सांगू." अक्षता पडल्या, सांगण्याचा मुहूर्त काही निघाला नाही. सासरी फुलांचा मळा. खुडलेल्या फुलांवर ओले गोणपाट पसरलेले असे, त्याखाली गारव्याला ताई इन्सुलिनची बाटली दडवी. सासूबाई तिथून हलत नसत आणि इंजेक्शन राहून जाई. दिवस गेल्याचे ताईला नीट उमगण्याआधीच त्या पहिल्या आठवड्यांत बाळाचे हृदय घडत होते. अनियंत्रित साखरेने अशा दोषाचा धोका वाढतो. जुईचा दोष त्यामुळेच, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण हा एक धोका टाळता येत होता आणि तो अब्रूपायी पत्करला गेला, एवढे निश्चित.

जुई जन्मली ती निळसर. सासूबाईंचे निदान तयार होते: "ग्रहणात फुलं खुडलीस, दुसरं काय!" मग डॉक्टरांनी सर्वांदेखत विचारले, "मधुमेह कधीपासून?"

"आजारी पोरगी आमच्या गळ्यात मारली व्हय?" सासूबाई कडाडल्या.

"सांगितलं असतं तर केली असती का?" आईने विचारले.

दोघींचेही खरे होते, आणि भोगायचे तिसरीला होते.

सांत्वनाला आलेल्या बायका आता ताईला सांगतात, "दुसरं लवकर होऊ दे." डॉक्टरांची अट वेगळी आहे: आधी साखर काही महिने आटोक्यात, मग मूल. सगळे उघड झाल्यावरही ताईची बाटली गोणपाटाखालीच राहिली होती; आता सासूबाईंनी तिला फ्रिजमध्ये दुधाशेजारी जागा केली. "ठेव हितं. आता कोणापासून लपवतीस?" गेल्या रविवारी ओसरीत, सर्वांसमोर, ताईने बोट पुढे केले. जुईच्या वेळी त्या आठवड्यांत हे एकदाही मोजले गेले नव्हते. मी रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. उपाशीपोटी साखर, जशी तेव्हा हवी होती तशी: पंचाण्णव.